कंबरलँड बेटावरचे मोकळे घोडे

शुक्रवार : सेंट मेरीज

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा नकाशा उघडला, की अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात, फ्लोरिडाच्या हद्दीला लागून, किनाऱ्याला समांतर पडलेली एक लांबट पट्टी दिसते. ते कंबरलँड बेट. लांबी साधारण २८ किलोमीटर, रुंदी मात्र बेताचीच. मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. एक महागडं खासगी हॉटेल सोडलं तर बेटावर खाण्यापिण्याची सोय नाही, दुकान नाही, डांबरी रस्ता नाही. आणि तिथे दीडशेच्या आसपास घोडे आहेत, ज्यांना मालक नाही.

बाबा भारतातून आमच्याकडे अटलांटाला आले, तेव्हापासून मला त्यांना इथे आणायचं होतं. त्यांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. गाई-म्हशी हे रोजचं काम, पण जीव घोड्यांवर. वरातीची घोडी असो, टांग्याचा घोडा असो, की दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाची तट्टं असोत, घोडा आला म्हटलं की बाबा जेवणावरून उठून जायचे. कोणाच्याच हाताखाली नसलेला घोडा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. सोबत माझी मुलगी ईरा. तिला शाळेला सुट्टी होती आणि आजोबांबरोबर तंबूत झोपायचं या कल्पनेनंच ती हुरळून गेली होती.

अटलांटाहून गाडीनं सेंट मेरीजला पोचायला जवळजवळ दिवस गेला. मेकनपर्यंत लाल मातीची टेकाडं, मग पाइनची सपाट रानं, आणि शेवटी हवेत खारा ओलावा. सेंट मेरीज हे नदीकाठचं छोटं गाव. पूर्वी इथे मोठी कागद गिरणी होती, ती २००२ साली बंद झाली. आता गावाच्या पोटापाण्याचा मोठा भाग शेजारच्या किंग्ज बे या नौदलाच्या तळावर चालतो. अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा तळ आणि निर्जन बेट समोरासमोर, मध्ये फक्त खाडी. नदीकाठच्या कार्यालयात आमच्या आरक्षणाचे कागद दाखवले. बेटावर दिवसाला ठरावीक माणसांनाच जाऊ देतात, त्यामुळे बोट आणि तंबूची जागा दोन्ही कित्येक आठवडे आधी ठरवावी लागतात.

रात्री खोलीवर सामानाची शेवटची उलथापालथ. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, डिंकाचे लाडू, पोहे, गॅसची छोटी शेगडी. बाबांनी त्यांची जुनी चामडी पिशवी बरोबर घेतली होती. तीत औषधं नव्हती, फक्त दुर्बीण आणि वही.

शनिवार : डंजनेस

सकाळची बोट नऊला सुटते आणि पाऊण तासात बेटाला लागते. नदी रुंद होत जाते, उजवीकडे फ्लोरिडा, डावीकडे मैलोन्‌मैल खारं गवत. ओहोटी होती, त्यामुळे गवताच्या मुळाशी काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यात शिंपल्यांचे थरच्या थर दिसत होते. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे हीच वाट संध्याकाळी पाहिली तर चिखलाच्या जागी पाणीच पाणी.

ही बेटं किनाऱ्याची ढाल असतात. समुद्राच्या बाजूला वाळू, तिच्यामागे वाळूच्या टेकड्या, मग झाडी, आणि मुख्य भूमीकडच्या बाजूला ही खारी दलदल. वादळाची लाट आली की पहिला मार बेट खातं, उरलेला जोर हे गवत जिरवतं. कंबरलँडचा पश्चिमेकडचा गाभा हजारो वर्षांपूर्वीच्या हिमयुगातल्या जुन्या किनाऱ्याचा आहे. पूर्वेकडची पुळण त्या मानानं अगदी ताजी, गेल्या काही हजार वर्षांतली, आणि अजूनही वाऱ्यानं, लाटांनी सरकणारी.

सी कॅम्पच्या धक्क्यावर उतरल्यावर एका रेंजरबाईंनी सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले. कचरा आपला आपण परत न्यायचा. अन्न पिंजऱ्यात कुलूपबंद ठेवायचं, नाहीतर रॅकून पळवतात. घोड्यांपासून निदान पन्नास फूट लांब राहायचं, त्यांना खायला घालायचं नाही, हात लावायचा नाही. ते चावतात आणि लाथ मारतात. हे शेवटचं वाक्य ऐकून बाबांनी मान डोलावली.

सामान ढकलायला धक्क्यावर हातगाड्या असतात. बेटाची रुंदी ओलांडून अर्ध्या मैलावर तंबूची जागा. ती वाट मी विसरणार नाही. लाइव्ह ओकची झाडं उंच वाढण्याऐवजी आडवी पसरतात. त्यांच्या फांद्या जमिनीपर्यंत वाकून पुन्हा वर चढतात. त्यांवरून स्पॅनिश मॉसच्या राखाडी जटा लोंबत असतात आणि फांद्यांच्या पाठीवर एक नेचा उगवतो, जो कोरड्या दिवसांत वाळून तपकिरी होतो आणि एका सरीत पुन्हा हिरवा होतो. खाली पंख्यासारख्या पानांची पाल्मेटोची झुडपं. त्या सावलीत समुद्राचा आवाज येतो, पण समुद्र दिसत नाही.

घोडा दिसण्याआधी वाटेवर लीद दिसली. बाबा लगेच खाली वाकले, काटकीनं ती फोडली आणि ईराला जवळ बोलावलं. "हे बघ, गवताच्या काड्या किती लांब राहिल्यात. नीट चावून झालेलं नाही. घोडा म्हातारा असावा, नाहीतर दात झिजलेले." वाळूतलं गवत खाऊन दात लवकर झिजतात, असं त्यांनी तिला समजावलं, आणि तीच वाळू पोटात साठली तर पोटशूळ उठतो हेही. कोणीतरी पर्यटक कुतूहलानं थांबून आमच्याकडे पाहत होते. ईरानं त्यांना सगळं इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

तंबू उभा करून, दशमी-चटणी खाऊन आम्ही नदीकाठच्या वाटेनं दक्षिणेला डंजनेस या जुन्या महालाच्या अवशेषांकडे निघालो. या एका जागेवर इतिहासाचे इतके थर आहेत, की कुठून सुरुवात करावी कळत नाही. मूळ रहिवासी तिमुकुआ बोलणारे मोकामा लोक. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश पाद्र्यांनी इथे सान पेद्रो दे मोकामा हे मिशन उभारलं. पुढे इंग्रज आले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती नाथानेल ग्रीन यांनी १७८३ मध्ये इथली जमीन घेतली, पण तीनच वर्षांत ते वारले. त्यांच्या पत्नी कॅथरिन यांनी दुसऱ्या लग्नानंतर इथे चार मजली वाडा बांधला. त्या वाड्याची सावली म्हणून उरलंय ते माळ्याचं छोटं घर, टॅबीचं. टॅबी म्हणजे शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि आख्खे शिंपले यांचा ओतीव गारा. कोकणातही शिंपल्यांचा चुना भाजत असत, त्यामुळे त्या भिंतीवरून हात फिरवताना बाबांना ती ओळखीची वाटली.

आज जे भव्य अवशेष दिसतात ते कार्नेगी कुटुंबाच्या महालाचे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचे धाकटे भाऊ थॉमस आणि त्यांच्या पत्नी ल्युसी यांनी १८८० च्या दशकात ही जमीन घेऊन महाल उभारायला घेतला. थॉमस १८८६ मध्ये गेले. पुढे ल्युसीबाईंनी नऊ मुलं वाढवत बेटाचा बहुतेक भाग ताब्यात आणला. १९५९ मध्ये महाल जळाला. आता विटांच्या उघड्या भिंती, रिकाम्या खिडक्या आणि पुढे हिरवळ.

त्या हिरवळीवर घोडे चरत होते.

एक कुमैत नर, तीन घोड्या, आणि एका घोडीच्या पोटाला चिकटून एक शिंगरू, जेमतेम काही आठवड्यांचं. पाय अंगाच्या मानानं फार लांब, आयाळ अजून ब्रशसारखी उभी. ते आईच्या पुढून मागे, मागून पुढे धावायचं, मध्येच थबकून आमच्याकडे पाहायचं. नर थोडा बाजूला उभा. त्याच्या मानेवर आणि पुठ्ठ्यावर चाव्यांचे जुने वण होते. दुसरा एखादा नर जवळ आला की त्याला हुसकावणं हे त्याचं आयुष्यभराचं काम.

ईरा कुजबुजली, "किती सुंदर आहेत!" खरंच होते. मागे जळक्या विटांचे खांब, वर निळं आकाश आणि कोणाच्याही तोंडात लगाम नाही, पाठीवर खोगीर नाही.

बाबा दुर्बिणीतून बराच वेळ पाहत राहिले. मग वही काढली. घोड्याची तब्येत मोजायला एक ते नऊ अशी श्रेणी असते. एक म्हणजे निव्वळ हाडं, नऊ म्हणजे चरबीनं सुजलेला. घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठ्याची हाडं टोकदार. "तीन," बाबा म्हणाले. "अंगावर दूध पितंय पोर, म्हणून आणखी खाली गेलीय. नराला चार देईन." पोटं मात्र गोल दिसत होती, म्हणून ईरानं विचारलं, की मग त्या बारीक कशा? खारं गवत खाल्लं की पाणी फार प्यावं लागतं, आणि निकस चाऱ्यानं पोट फुगतं, ते पोट म्हणजे अंगावरचं मांस नव्हे, असं त्यांनी सांगितलं. खुरांकडेही बोट दाखवलं. मऊ वाळूत खूर घासले जात नाहीत, वाढतात आणि कडेला फुटतात.

एवढ्यात एक तरुण जोडपं फोन पुढे धरून शिंगराकडे सरकू लागलं. नरानं कान मागे पाडले. बाबांना इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो, पण ते ताडकन उठले आणि हात आडवा करून मोठ्यानं म्हणाले, "नो, नो, इयर्स! सी इयर्स!" त्या मुलांनी ऐकलं आणि मागे आली.

रविवार : उत्तर टोक

उत्तरेकडे जायला उद्यानाची व्हॅन असते. पाच-सहा तासांचा प्रवास. आधी हा रस्ता कायद्यानं राखीव वन्य क्षेत्रात मोडत होता, पण २००४ च्या कायद्यानं तो त्यातून वगळला आणि लोकांना तिकडे नेणं उद्यानावर बंधनकारक केलं. चालून जाणं बाबांना झेपलं नसतं, त्यामुळे मला ही सोय मोलाची वाटली. मात्र रस्ता म्हणजे वाळूची एकेरी वाट, आणि गाडी प्रत्येक खड्ड्याला आपली दखल घ्यायला लावते.

वाटेत प्लम ऑर्चर्ड लागतो, ल्युसीबाईंनी मुलासाठी १८९८ मध्ये बांधलेला पांढरा महाल. आत पोहण्याचा तलाव आहे, स्क्वॉशचं कोर्ट आहे. सगळं नीट जपलेलं. मला तिथे फार वेळ थांबावंसं वाटलं नाही. बाहेरच्या गवतात रानटर्की पिसारा फुलवून फिरत होते आणि ईराचा सगळा वेळ त्यांच्यामागे गेला.

मला ओढ होती ती 'सेटलमेंट'ची. उत्तर टोकाजवळ गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसवलेली वस्ती. या बेटावर कापूस पिकवला तो गुलामांनी. १८१५ च्या सुरुवातीला ब्रिटिश आरमारानं बेट ताब्यात घेतलं, तेव्हा आसपासच्या मळ्यांतून शेकडो गुलाम पळून त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या जहाजांवरून नोव्हा स्कॉशिया, त्रिनिदादसारख्या ठिकाणी स्वतंत्र माणसं म्हणून गेले. जे मागे राहिले त्यांना आणखी पन्नास वर्षं वाट पाहावी लागली. १८९० च्या दशकात त्यांच्या वारसांनी इथे छोटे भूखंड घेतले आणि १८९३ मध्ये फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च सुरू केलं. आत्ताची इमारत १९३० च्या दशकातली. एका खोलीचं, पांढऱ्या फळ्यांचं, आत हातानं केलेली मोजकी बाकं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनिअर यांचं लग्न २१ सप्टेंबर १९९६ रोजी याच खोलीत झालं, म्हणून बहुतेक लोक फोटो काढायला येतात. आमच्या वाटाड्यानं ते सांगितलं, पण जास्त वेळ दिला तो वस्तीला. ही माणसं कार्नेगींच्या घरांत आणि जवळच्या हॉटेलात राबली, हॉटेल बंद पडलं तशी एकेक करून बेट सोडून गेली. महालांचे मालक नावानिशी सगळ्यांना ठाऊक, आणि ज्यांनी बेट उभं केलं त्यांची आठवण या एका खोलीत. मी बाकावर बसून राहिले. बाबा दाराशी चपला काढून आत आले.

परतीच्या वाटेवर घोड्यांचा विषय निघाला. इथले घोडे स्पॅनिश जहाजांतून पोहत आले, अशी दंतकथा सगळीकडे ऐकायला मिळते. वाटाड्यानं तिचं निरसन केलं. स्पॅनिश काळात इथे घोडे आले असतीलही, पण आजच्या कळपाच्या जनुकांचा अभ्यास झाला आहे. त्यात टेनेसी वॉकर, क्वार्टर हॉर्स, अरबी, पासो फिनो अशा पाळीव जातींशी जवळचं नातं निघालं. मळेवाल्यांनी इथे घोडे पाळले, कार्नेगींनी पाळले, विसाव्या शतकात पश्चिमेकडून मस्टँग घोडे आणूनही सोडले. मळे बुडाले, घराणी पांगली, घोडे मागे राहिले. म्हणजे वाघ-हरणांसारखे हे मूळचे रानातले नाहीत. माणसानं पाळून सोडून दिलेल्यांचे हे वंशज आहेत.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "भटकी जनावरं म्हण ना सरळ. आपल्याकडे म्हातारा बैल सोडून देतात, तसंच." मला ते फार लागलं. कालपासून मी डोळे भरून बघत होते ते स्वातंत्र्य, आणि बाबांना दिसत होती ती जबाबदारी टाकलेली.

बेट मोकळं राहिलं हीसुद्धा आपोआप घडलेली गोष्ट नव्हे, हे इथे सांगायला हवं. १९६८ मध्ये हिल्टन हेड बेटाचा कायापालट करणारे विकासक चार्ल्स फ्रेझर यांनी इथे सुमारे तीन हजार एकर जमीन घेतली. घरं, गोल्फ, नौकातळ असं सगळं येणार होतं. कार्नेगींच्या वारसांपैकी अनेकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, जमीन पुन्हा विकत घेतली गेली, त्यासाठी मेलन फाउंडेशननं पैसे दिले, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये हे राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून जाहीर झालं. दहा वर्षांनी त्यातली जवळजवळ दहा हजार एकर जमीन वन्य क्षेत्र ठरली. पुळणीवर उभं राहून दोन्ही बाजूंना नजर टाका, एकही इमारत दिसत नाही. अटलांटिक किनाऱ्यावर हे किती दुर्मीळ आहे, हे फ्लोरिडातले किनारे पाहिलेल्यालाच कळेल. ज्यांनी त्या वेळी भांडण केलं त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

संध्याकाळी थंड पाण्यानं अंघोळ, मग शेगडीवर पिठलं. ओकखाली पिठल्याचा वास सुटला तसा शेजारच्या तंबूतला एक पंजाबी मुलगा चौकशी करत आला आणि जेवूनच गेला. रात्री आर्मडिलो हे अंगावर कवच असलेले छोटे प्राणी पाचोळ्यात खसपसत होते. इतका आवाज, की ईराला कोणीतरी माणूसच आला असं वाटलं.

सोमवार : पुळण आणि वाद

पहाटे लाकडी पुलावरून टेकड्या ओलांडून पुळणीवर गेलो. ओहोटीनं वाळू घट्ट झाली होती. पाण्याच्या कडेला पायपिंग प्लोव्हर हे वाळूच्याच रंगाचे इवलेसे पक्षी तुरुतुरु धावत होते. ते उत्तरेत घरटी करतात आणि हिवाळा अशा किनाऱ्यांवर काढतात. संख्येनं इतके कमी उरलेत की कायद्यानं संरक्षित आहेत. मेपासून याच वाळूत लॉगरहेड कासवं अंडी घालायला येतील. ईराला काळ्या रंगाचा शार्कचा दात सापडला. दात आणि रिकामे शिंपले नेता येतात, म्हणून तिनं तो खिशात ठेवला.

मग टेकडीवर घोडे दिसले. दोन तरुण नर, बहुधा कळपातून हाकललेले, सी ओट्स खात होते. हे उंच, तुरेवालं गवत वाळू धरून ठेवतं. त्याची मुळं खोल जातात, पानांशी वाऱ्यानं आणलेली वाळू अडते, आणि अशी टेकडी उभी राहते. पर्यटकानं त्याचा एक तुरा तोडला तर दंड होतो. घोडा मात्र झुपकाच्या झुपका उपटून खातो आणि उरलेलं खुरांखाली जातं. खाऱ्या दलदलीतही तेच. तिथलं गवत घोड्यांच्या चरण्यानं विरळ होतं, हे संशोधनात दिसलं आहे. ज्या बेटानं किनारा राखायचा, त्याचे बंध हे बिचारे भुकेपोटी सोडवत चाललेत.

सूर्य वर आला तशी आम्ही वाळूत बसून दशम्या खाल्ल्या आणि वाद सुरू झाला. अटलांटिक किनाऱ्यावर घोड्यांची आणखी बेटं आहेत आणि प्रत्येकानं वेगळी तऱ्हा निवडली आहे. असाटीगचे दोन भाग. व्हर्जिनियातला कळप तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा. ते दर जुलैत घोडे पोहवत पलीकडे आणतात आणि शिंगरांचा लिलाव करतात, पशुवैद्य तपासणी करतात. मेरीलँडच्या भागात १९९४ पासून बरीच वर्षं निवडक घोड्यांना लांबून बाणानं गर्भनिरोधक लस टोचली आणि कळप शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी आणला. नॉर्थ कॅरोलिनातल्या शॅकलफर्ड बँक्सवर किती घोडे असावेत हे १९९८ च्या कायद्यात लिहिलंय. कंबरलँडवर यातलं काहीही नाही. चारा नाही, पाणी नाही, औषध नाही, संख्येवर ताबा नाही. निसर्ग घेईल तो निर्णय. २०२३ मध्ये काही लोकांनी फेडरल न्यायालयात दावा लावला, घोड्यांच्या हालांसाठी आणि कासवं-पक्ष्यांच्या जागा तुडवल्या जातात म्हणूनही. दुसरीकडे पुष्कळांना वाटतं, की घोडे म्हणजेच कंबरलँड, त्यांना हात लावू नका.

ईराचं म्हणणं, औषध द्यावं पण कोणालाही न्यायचं नाही आणि शिंगरं हवीतच. बाबांचं म्हणणं उलट. "उपचार करायचा म्हणजे पकडायचं, बांधायचं. ज्या घोड्यानं माणसाचा हात कधी पाहिला नाही, तो त्या धसक्यानंच मरेल. लांबून लस टोचा. पोरं कमी झाली की घोडीच्या अंगावर मांस चढेल, गवतालाही उसंत मिळेल." मी विचारलं, मग हळूहळू एकही घोडा उरला नाही तर? त्यांनी वाळूत बोट फिरवत थोडा वेळ घेतला. "तर ते आपण ठरवून केलेलं असेल. आत्ता आपण काहीच ठरवत नाही आणि त्याला निसर्ग म्हणतो."

मी आधी ईराच्या बाजूनं होते. आता बाबांच्या बाजूनं आहे. बेट विकासकाच्या हातातून सोडवायला माणसांनी जर एवढी खटपट केली, तर माणसांनीच आणून सोडलेल्या घोड्यांबाबत हात बांधून उभं राहणं मला पटत नाही. कळप लहान राहावा, धष्टपुष्ट राहावा, टेकड्यांवर गवत टिकावं. मेरीलँडवाल्यांनी इतकी वर्षं ते करून दाखवलंय.

दुपारच्या बोटीआधी बाबांना पुन्हा एकदा डंजनेसला जायचं होतं. कळप हिरवळीवर नव्हता. जुन्या दफनभूमीच्या पलीकडे दलदलीवर बांधलेल्या लाकडी वाटेवरून तो दिसला, घोटाभर चिखलात उभा, खाऱ्या गवतात तोंड घालून. भरती चढत होती. घोडी पुढे, शिंगरू तिच्या पावलावर पाऊल टाकत. एका ठिकाणी त्याचा पाय खोल रुतला, तसे बाबा कठड्याला धरून पुढे झुकले. घोडे इथल्या चिखलात अडकून मेल्याचं आम्ही वाटाड्याकडून ऐकलं होतं. शिंगरानं दोन-तीन हिसके दिले, आई थांबली, मान वळवून उभी राहिली, आणि ते निघालं. बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मी विचारलं नाही.

धक्क्यावर रेंजरबाई भेटल्या. बाबांनी त्यांना माझ्यामार्फत आपला हिशेब सांगितला. घोडीला तीन, नराला चार, टेकडीवरच्या दोघांना चार-चार. त्यांनी मन लावून ऐकलं, खुरांबद्दल उलट विचारलं. दोघांचं पाच-दहा मिनिटं चाललं आणि बोटीचा भोंगा झाला.

कोणाला जायचं असेल तर मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबर बरा. उन्हाळ्यात डास, चिलटं आणि गोचिड्या जीव नकोसा करतात. गोचिड्या वसंतातही असतात, तेव्हा रोज रात्री पाय तपासा. सी कॅम्पला पिण्याचं पाणी मिळतं, त्याच्यापुढे उत्तरेकडच्या रानातल्या जागांवर पाणी शुद्ध करून घ्यावं लागतं. घरातलं म्हातारं माणूस बरोबर असेल तर सी कॅम्पच घ्या आणि व्हॅनची जागा बोटीबरोबरच राखून ठेवा, ती लवकर भरते. परतीची शेवटची बोट चुकली तर खासगी होडी बोलवावी लागते. दुर्बीण नक्की न्या. घोडे लांबूनच पाहायचे आहेत, आणि बरगड्या लांबूनही मोजता येतात.